व्याज, मत आणि कोरलेला बांध

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. कपाशीच्या लागवडीला गावातल्या शेतकऱ्यांना महिना शेकडा तीन रुपयांनी पैसे देतो. त्यांचीही नड भागते. हे पाप आहे का? (नवापूर)

वर्षाचे छत्तीस टक्के झाले, भाऊ. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, अध्याय २२ मध्ये, गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज लावायला मनाई आहे. त्याचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं. बायबलचंच अनुवाद हे पुस्तक (अध्याय २४) तर जातंही गहाण घेऊ देत नाही, कारण त्यावर घर जेवतं.

ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, हे फार कडक पाळलं. ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेने पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, व्याजबट्टा बंद केला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. धर्मसुधारक कॅल्विनने १५४५ मध्ये एका पत्रात व्याजाला वाट करून दिली, पण गरिबाकडून घेऊ नये अशी अट घालूनच. बँकेतल्या ठेवीचं व्याज मला म्हणूनच खटकत नाही. व्यापारी कर्जावर कमावतो आणि त्यातला वाटा देतो.

तुमच्याकडे येणारा मात्र पाऊस लांबला की दुबार पेरणीसाठी पुन्हा तुमच्याच ओट्यावर बसतो. त्याच्याकडून मुद्दल घ्या, व्याज सोडा. आणि परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानेही हा गुन्हाच आहे.

प्रश्न : आपलं नागरिकत्व स्वर्गातलं (फिलिप्पैकरांस ३:२०), मग मतदान कशाला? (जळगाव)

हे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला यरुशलेमात फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वच पुढे केलं (प्रेषितांची कृत्ये २२). मत द्या.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरला, कोर्टात दावा चालू आहे. पास्टर म्हणतात, शत्रूवर प्रीती करा, दावा मागे घ्या. (शिरपूर)

शेजारी मंडळीतला असेल तर पास्टरांचं ऐका. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राप्रमाणे (अध्याय ६) आधी वडीलधाऱ्यांसमोर बसा. नसेल तर दावा चालवायला हरकत नाही, पौलानेही कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितलीच. स्वतःहून नुकसान सोसायचं ठरवलंत तर ती मोठी गोष्ट, पण ती दुसऱ्याने तुमच्यावर लादायची नसते.

प्रीतीची कसोटी कोर्टाबाहेर लागते. वैऱ्याचा चुकलेला बैल त्याच्याकडे पोचवावा, असं निर्गम २३ सांगतो. तेव्हा त्याचा बैल तुमच्या कपाशीत शिरला तर कोंडवाड्यात घालू नका, त्याच्या गोठ्यात नेऊन बांधा. मोजणीची तारीख मात्र चुकवू नका.