महिला दिन : ‘जागतिक’ की ‘आंतरराष्ट्रीय’?

प्रश्न असा आहे : आठ मार्चला ‘जागतिक महिला दिन’ म्हणावं की ‘आंतरराष्ट्रीय महिला दिन’? आणि ‘दिवस’ म्हटलं तर चालेल का?

चूक कुठलंच नाही. पण मला विचाराल तर ‘आंतरराष्ट्रीय’च, कारण तो शब्द या दिवसाला जवळजवळ पाळण्यातच मिळालाय. अमेरिकेतल्या समाजवादी पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ला पाळला तो ‘राष्ट्रीय’ स्त्री दिन. पुढच्या वर्षी कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. क्लारा झेटकिन आणि तिच्या जर्मन सहकारी स्त्रियांनी ठराव मांडला : देशोदेशीच्या समाजवादी स्त्रियांनी दरवर्षी महिला दिन पाळावा, मागणी मुख्यतः मताधिकाराची, आणि दिनाचं स्वरूप आंतरराष्ट्रीय असावं. मूळ जर्मन शब्द साधाच, ‘फ्राउएनटाग’, म्हणजे बायकांचा दिवस.

तारीख मात्र ठरावात नव्हती. १९११ साली जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये तो १९ मार्चला झाला. आठ मार्च आला रशियातून. १९१७त पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर उतरल्या नि आठवड्याभरात झारची गादी गेली. (तिथल्या जुन्या पंचांगात तेव्हा २३ फेब्रुवारी होता, म्हणून मार्चातल्या क्रांतीचं नाव ‘फेब्रुवारी क्रांती’!)

जागतिक मंदी, जागतिक तापमानवाढ या गोष्टी जगभर पसरतात, कुणी ठरवावं लागत नाही. हा दिवस देशोदेशीच्या बायकांनी एकत्र बसून ठरवला. तो फरक ‘जागतिक’मध्ये पुसला जातो.

आता ‘दिवस’. समजायला अडचण नाही, पण आपल्याकडे स्वातंत्र्य दिन, कामगार दिन, शिक्षक दिन अशीच रीत. ‘महिला दिवस’ला हिंदीचा वास येतो. तरी तो परवडला. आमच्या सोसायटीच्या फाटकावर यंदा ठळक अक्षरांत ‘महिला दीन’ झळकलं. दीन म्हणजे केविलवाणी! रंगवणाऱ्याला हसू नका, त्याचा कान अस्सल मराठी आहे. फूल, तीळ, दूध यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घच लिहितो ना आपण? ‘दिन’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून गुण, विष यांच्यासारखा ह्रस्व राहिला. त्याच फलकावर खाली ‘महिला दिनानिमित्त हळदीकुंकू’ मात्र बिनचूक होतं. तीळ-तिळाचा, तसं दीन-दिनाचं झालं असणार.