नवी स्प्रिंग, जड रॉड : हिसका खरंच कमी होतो का?

प्रश्न : माझ्याकडे ग्लॉक १७, जेन ३ (तिसऱ्या पिढीचं ९ मिमी पिस्तूल) आहे. यूएसपीएसएच्या (अमेरिकेतली नेमबाजीची संघटना) मॅचेस खेळतो, काडतुसं ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). क्लबातले सगळे १३ पौंडाची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा पुढे ढकलणारी) आणि टंगस्टनचा गाइड रॉड (त्या स्प्रिंगच्या आतली दांडी) घ्यायला सांगतात. फायदा होईल? (ह्यूस्टन, टेक्सास)

उत्तर : हिसका (गोळी सुटताना पिस्तूल मागे उसळतं तो) ठरतो तो गोळीचं वजन, दारू, गोळीचा वेग आणि पिस्तुलाचं वजन यांवर. स्प्रिंग तो कमी करत नाही; हाताला कधी आणि कसा पोचायचा, एवढंच ठरवते.

मूळ स्प्रिंग १७ पौंडांच्या आसपास असते. १३ची घातली की स्लाइड मागे जोरात जाऊन फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) आपटते, पण पुढे येताना सावकाश येते. त्यामुळे नळीचं तोंड खाली कमी झुकतं आणि पुढची साइट लवकर स्थिरावते. हा फायदा खरा आहे. त्याची किंमतही आहे. ग्लॉकमध्ये स्लाइड बंद होताना स्ट्रायकरची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळीची) स्प्रिंग तिला उलट मागे ओढत असते. रिकॉइल स्प्रिंग मऊ असेल आणि चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) काजळी साचली असेल, तर शेवटचे एक-दोन मिलिमीटर स्लाइड पुढे सरकतच नाही. चाप ओढला तरी बार उडत नाही. मग लोक स्ट्रायकरची स्प्रिंगही हलकी करतात आणि कडक प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) ठोका अपुरा पडायला लागतो. उलट, स्प्रिंग फार कडक झाली तर स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत अडकते आणि शेवटच्या फैरीनंतर स्लाइड उघडी राहत नाही.

रॉडचं गणित सोपं आहे. भरलेलं पिस्तूल ९०० ग्रॅमचं धरा. रॉडमुळे ५० ग्रॅम वाढले, तर हिसक्याची ऊर्जा जेमतेम ५ टक्क्यांनी उतरते. वजन पुढे असल्याने तोंड थोडं कमी उडतं, इतकंच. आपल्या डिव्हिजनमध्ये (स्पर्धेच्या गटात) असा रॉड चालतो का, हे नियमपुस्तकात आधी बघा.

आमचं मत विचाराल तर ते पैसे काडतुसांवर घाला. मायनरसाठी (काडतुसांच्या ताकदीचा खालचा वर्ग) पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो : गोळीचे ग्रेन गुणिले सेकंदाला फूट, भागिले १०००. ११५ ग्रेन ११५० फुटांनी गेली तर १३२. १४७ ग्रेन ९०० फुटांनी गेली तरी १३२च. पण दुसरीत दारू कमी जळते, आणि हाताला धक्का न बसता ढकलल्यासारखं वाटतं. अशा मऊ काडतुसांवर १५ पौंडाची स्प्रिंग शोभते. ११५च्या फॅक्टरी काडतुसांवर मूळचीच ठेवा, फक्त साधारण ३००० फैरींनंतर नवी घाला. बऱ्याच तक्रारी थकलेल्या स्प्रिंगच्या असतात.

ती थकली का, हे असं बघा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. सुरक्षित दिशेला चाप ओढून धरा आणि तो दाबलेलाच ठेवून स्लाइड पूर्ण मागे घ्या. आता तोंड वर करून स्लाइड हळूहळू सोडा. ती पूर्ण बंद झाली नाही तर स्प्रिंग बदला. हीच चाचणी नव्या हलक्या स्प्रिंगवरही करा. मग रेंजवर मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून, पकड थोडी सैल ठेवून फैर झाडा. स्लाइड उघडी राहायला हवी. असं पाच वेळा. त्यानंतर मॅचच्या काडतुसांच्या किमान २०० फैरी विनाअडथळा झाल्याशिवाय त्या स्प्रिंगवर मॅच खेळू नका.

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर पिस्तूल शिकते. ॲब्सॉर्बर (हिसका शोषणारी यंत्रणा) असलेलंच घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : सुरुवातीला गरज नाही. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर. हा हिसका ९ मिमीच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी. ॲब्सॉर्बरमधलं छोटं वजन बार होताना मागे सरकून तो मारतं, पण त्याचा फरक पकड पक्की झाल्यावरच कळतो. आधी लाकडी ग्रिप तिच्या हाताच्या मापाची करून घ्या : तळव्याखालचा आधार हाताला टेकला पाहिजे, पण मनगटावर येता कामा नये. पोकळी राहिली तर एपॉक्सी पुट्टीने भरा, टोचत असेल तिथे पॉलिश पेपर मारा.