मिसिसिपी जॉन हर्ट ब्लूज गायक होता, मग त्याचं गाणं इतकं शांत कसं?

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःख सांगणारं लोकसंगीत, म्हटलं की घोगरा, आर्त आवाज डोक्यात असतो, म्हणून तुमचा प्रश्न रास्तच आहे. मी गिटार बोटांनी वाजवायला शिकतोय तेव्हापासून माझा मुख्य आधार जॉन हर्टच आहे, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

हर्ट अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलॉन या खेड्यात वाढला. शेतात राबायचं आणि आसपासच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचं, हे त्याचं आयुष्य. ब्लूजबरोबर रॅगटाइम (उसळत्या लयीचं जुनं नाचसंगीत), भजनं, जुनी कथागीतं, सगळंच तो गायचा. मंडळी त्या तालावर नाचणार, म्हणून ताल हलता कामा नये. त्याच्या शांतपणाचं मूळ मला तिथे दिसतं.

अंगठ्याकडे लक्ष द्या. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) धरलाय असं समजा: अंगठा पाचवी तार, चौथी तार, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी असा मात्रेमात्रेला पडत राहतो. तर्जनी आणि मधलं बोट पातळ तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि त्यातले बरेच स्वर दोन मात्रांच्या मध्ये येतात. शिकताना चालीचा स्वर आला की अंगठाही त्याच्यामागे ओढला जातो. मी आधी नुसता अंगठा चालू ठेवून कुणाशी तरी गप्पा मारायचो. गप्पांत तो अडखळेनासा झाला, मगच चाल घेतली.

१९२८ मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यानं मेम्फिस आणि न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण केलं. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि तो शेतीतच राहिला. पुढे ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत टॉम हॉस्किन्स हा ब्लूजचा चाहता १९६३ मध्ये त्याच्यापर्यंत पोचला. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजला. १९६६ मध्ये गेला. मधल्या पस्तीस वर्षांना लोक ‘अज्ञातवास’ म्हणतात, ते मला पटत नाही. अ‍ॅव्हलॉनमध्ये तो कुणालाच अज्ञात नव्हता.

सुरुवात ‘लुई कॉलिन्स’पासून करा. खून झालेल्या तरुणाचं गाणं, आई रडतेय, आणि हर्ट मात्र पाळण्याजवळ बसल्यासारखा हळू गातो. आधी १९२८ चं ध्वनिमुद्रण ऐका, मग साठच्या दशकातलं. आवाज म्हातारा झालाय. अंगठा तोच आहे.