कॉस्टिया काउंटीतील जमीन घेण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोलोराडोतील कॉस्टिया काउंटीत पाच एकरांचा तुकडा घेऊन स्वतःच्या अन्नपाण्यावर राहता येईल का, असे तू विचारले आहेस. जाहिरातीतले डोंगर बाजूला ठेव आणि जमीन इतकी स्वस्त का, हे आधी पाहा. त्याचे एक मोठे कारण पाणी हे आहे.

जमीन घेतली की विहीर खणायची, हा आपला हिशेब तिथे चालत नाही. ज्याने पाणी आधी वापरात आणले त्याचा हक्क आधी, असे कोलोराडोतील तत्त्व आहे आणि भूजलालाही ते लागू होते. पस्तीस एकरांहून लहान तुकड्याला बहुधा केवळ घरगुती वापराचा विहीर-परवाना मिळतो. त्या पाण्यावर अंगणात भाजी लावता येत नाही, की शेळ्यांना पाजता येत नाही. छपरावरचे पाणी साठवायला २०१६ च्या कायद्याने मुभा दिली, तीही दोन पिंपांची, मिळून ११० गॅलनची, म्हणजे सुमारे ४१६ लिटरची. ही काउंटी ज्या सॅन लुइस खोऱ्यात आहे, त्याच्या तळाशी पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाणी पडते. टँकरने आणलेल्या पाण्यावर तिथे राहता येते, पण त्याला स्वयंपूर्ण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून आधी सॅन लुइस गावाभोवतालची जुनी शेते पाहून ये. हे गाव १८५१ चे, आणि तिथल्या ‘पीपल्स डिच’ या पाटाचा १८५२ चा हक्क कोलोराडोत अखंड चालत आलेल्या हक्कांत सर्वांत जुना मानला जातो. अशा सामाईक पाटांना तिथे ‘असेकिया’ म्हणतात. वसंतात भागधारक मिळून पाट साफ करतात आणि ‘मायोर्दोमो’ पाणी वाटून देतो. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतील पाटकरी तुझ्या आजोबांनी पाहिला असेल, तर ही व्यवस्था त्यांना चटकन उमगेल. अशा पाटाचा हिस्सा असलेले दोन एकर मला कोरड्या पस्तीस एकरांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण अडचणीच्या दिवसांत पाण्याबरोबर शेजारीही मिळतात.

उंची सुमारे आठ हजार फूट असल्याने पिके गोठवणाऱ्या हिमतुषाराचा हिशेब ठेवावा लागतो. हिमतुषाराविना मिळणारे दिवस साधारण तीन महिन्यांचेच. बटाटा, घेवडा आणि पांढरा मका यांवर भर दे. टोमॅटो-मिरचीसाठी पॉलिहाउस लागेल. सांडपाण्याच्या परवान्याची चौकशी काउंटी कार्यालयात एका फेरीत होईल.

आणीबाणीचा विचार रस्त्यांपासून सुरू कर. मोठे रुग्णालय अलामोसाला, सॅन लुइसहून सुमारे चाळीस मैलांवर आहे. २०१८ च्या स्प्रिंग क्रीक वणव्यात एक लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि पूर्वेकडे ला व्हेटा खिंडीतून जाणारा महामार्ग १६० बंद ठेवावा लागला. त्यामुळे दक्षिणेकडे न्यू मेक्सिकोत उतरणारा रस्ता जानेवारीत स्वतः गाडी चालवून पाहा.

विसार देण्याआधी विहीर-परवान्याची अटींसह प्रत मला पाठव. सौर पॅनेलचे त्यानंतर बोलू.

तुझा काका