१८ वर्षं उभी असलेली, जेमतेम ३० हजार किलोमीटर चाललेली जुनी गाडी घेतली आहे. इंजिन खोलून नव्याने बांधावं का?

एवढ्यात खोलू नका. ३० हजारांवर फार विसंबूही नका. जुन्या पाच आकडी मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यच येतं. मला जास्त काळजी त्या १८ वर्षांची वाटते.

उभ्या इंजिनात झीज होत नाही, पण रबर कडक होतं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तिथे दमट हवा शिरून गंज चढतो. म्हणून सेल्फ मारायचा मोह आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन दिवस जाऊ द्या, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला आणि प्लग न लावताच ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, हे वेगळं सांगायला नको.

गाडी चालू होऊन गरम झाली की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त चालवा. एखादाच मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा). रिंगा असल्या तरी घाई नको, काहीशे किलोमीटर चालल्यावर त्या कधीकधी आपोआप सुटतात.

मी स्वतः हा शहाणपणा केला नव्हता. निळा धूर दिसला आणि अख्खं इंजिन खोललं. आत बघतो तर सिलिंडरमध्ये होनिंगच्या (नव्या सिलिंडरला मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा जशाच्या तशा, म्हणजे झीज नाहीच! दोष व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबराचा होता, हेड न उतरवता बदलता आले असते. धूर फक्त चालू करतानाच यायचा, तेव्हाच कळायला हवं होतं.

गरम इंजिनचं ऑइल प्रेशर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली गेलं, लोडवर खालून ठोके आले किंवा ऑइलमध्ये बेअरिंगच्या झिजेची तांबूस चमक दिसली, तर मात्र गाडी तिथेच थांबवा. तेव्हाही आधी फक्त इंजिनखालचं ऑइल चेंबर उतरवून एखादं बेअरिंग बघा. नव्याने बांधताना बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) एकदा वाढवला की स्लीव्ह (आतून नवी नळी) मारल्याशिवाय मूळ मापाचा पिस्टन त्यात पुन्हा बसत नाही.