टूर दि फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या शर्यतींमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहिलेला सातत्यपूर्ण सायकलपटू कोण?

माझे उत्तर आहे हायमार झुबेल्दिया. स्पेनच्या बास्क प्रांतातील उसुर्बिल या गावी 1977 साली जन्मलेला हा सायकलपटू 1998 पासून 2017 पर्यंत व्यावसायिक शर्यतींत उतरत राहिला. टूर दि फ्रान्समध्ये तो 16 वेळा धावला आणि पाच वेळा पहिल्या दहांत आला: 2003 साली पाचवा, 2006 साली आठवा, 2007 साली पुन्हा पाचवा, 2012 साली सहावा आणि 2014 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आठवा. त्याआधी 2000 साली स्पेनच्या वुएल्तामध्येही तो दहावा आला होता. एवढे सारे करून त्याच्या नावावर टूर, इटलीची जिरो आणि वुएल्ता या तिन्ही मोठ्या शर्यतींतील एकही वैयक्तिक टप्पाविजय नाही, आणि तो विस्मरणात जाण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे.

आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीमुळे सायकलची शर्यत म्हटले की ‘घाटाचा राजा’ आणि अंतिम रेषा प्रथम ओलांडणारा, ही दोनच माणसे डोळ्यांसमोर येतात. एकदिवसीय शर्यतीला ते शोभूनही दिसते. टूरचा हिशेब मात्र वेगळा आहे. तेथे साधारण 3,400 किलोमीटरचे अंतर 21 टप्प्यांत कापायचे असते आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ आदल्या दिवसांच्या वेळेत मिळवला जातो. त्यामुळे एका दिवशी मिळवलेली दोन मिनिटे आणि दुसऱ्या एका दिवशी न गमावलेली दोन मिनिटे यांची किंमत नेमकी सारखीच असते. पहिली दोन मिनिटे कॅमेऱ्यात येतात, दुसरी येत नाहीत. सपाट टप्प्यावर आडवा वारा सुटून जथ्याचे, म्हणजे सायकलपटूंच्या मुख्य समूहाचे, तुकडे पडतात तेव्हा पुढच्या तुकडीत असणे, पावसात उतारावर न घसरणे, पाच-सहा तासांच्या दौडीत भूक लागण्याआधी खाणे, पाय जड झालेल्या दिवशी पुढच्यांच्या मागे वेड्यासारखे न धावता स्वतःला झेपेल त्या गतीने घाट चढून नुकसान मर्यादित ठेवणे, या सर्व गोष्टी एकवीस दिवस न चुकता करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. झुबेल्दियाने ते कारकिर्दीभर जपले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 2003 सालच्या शंभराव्या वर्षीच्या टूरचे आहे. युस्कालतेल-युस्कादी या नारिंगी जर्सीच्या बास्क संघात तेव्हा दोन चढाईपटू होते, इबान मायो आणि झुबेल्दिया. मायोने अल्प दुएझच्या प्रसिद्ध चढावर एकट्याने मुसंडी मारून टप्पा जिंकला, आणि पुढे ल्यूझ-आर्दिदेंच्या चढावर एका प्रेक्षकाच्या पिशवीत हँडल अडकून लान्स आर्मस्ट्राँग पडला तेव्हा त्याच्यावर आदळून पडलाही तोच. साहजिकच त्या वर्षीच्या आठवणींत आणि छायाचित्रांत मायो सर्वत्र आहे. झुबेल्दिया त्याच टूरमध्ये आक्स-त्रुवा-दोमेनच्या टप्प्यात तिसरा आला, ल्यूझ-आर्दिदेंला चौथा आला, आणि पॅरिसला पोहोचल्यावर एकूण क्रमवारीत तो पाचवा व मायो सहावा होता. दोघांत फक्त 15 सेकंदांचे अंतर होते. मायोच्या अल्प दुएझमधील विजयाचे मोल मला जराही कमी करायचे नाही, तो दिवस खरोखर अविस्मरणीय होता. तरीही दोघांपैकी तीन आठवड्यांच्या शर्यतीचा अधिक पक्का सायकलपटू कोण, या प्रश्नाचे उत्तर अंतिम तक्त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

झुबेल्दियावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की तो कधी हल्लाच करीत नाही, म्हणजे अचानक वेग वाढवून पुढे निसटत नाही, केवळ वारा टाळत इतरांच्या चाकामागे बसून राहतो. हा आक्षेप घेणारे शर्यतीच्या रचनेकडे दुर्लक्ष करतात असे मला वाटते. डोंगराळ टप्पा जिंकण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. एक म्हणजे शेवटच्या चढावर जगातील सर्वोत्तम चार-पाच जणांना मागे टाकणे. तेवढी स्फोटक ताकद झुबेल्दियाकडे नव्हती, आणि ते त्याला माहीत होते. दुसरा म्हणजे सकाळीच एखाद्या लहान गटाबरोबर पुढे निसटणे आणि मुख्य जथ्याने पाठलाग सोडून द्यावा अशी आशा करणे. परंतु जथा पाठलाग सोडतो तो ज्यांच्यापासून धोका नाही अशांचा. एकूण क्रमवारीत आठव्या किंवा नवव्या स्थानावर असलेला कोणी निसटू पाहू लागला की त्याच्या वर-खाली असलेल्यांचे संघ ताबडतोब वेग वाढवतात. म्हणजे टप्पा जिंकायचा असेल तर आधी जाणूनबुजून दहा-वीस मिनिटे गमावून निरुपद्रवी व्हावे लागते. अनेक चांगले सायकलपटू तो मार्ग पत्करतात आणि त्यात काहीच गैर नाही. झुबेल्दियाने दुसरी निवड केली, आणि तिची किंमत म्हणून टूरमध्ये टप्पाविजेत्याचा पुष्पगुच्छ त्याला एकट्याला कधी मिळाला नाही.

त्याचे सातत्य दरवर्षीचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. 2003 आणि 2006 यांच्यामध्ये, तसेच 2007 नंतर 2012 पर्यंत, पहिल्या दहांत त्याचे नाव नाही. या दुसऱ्या काळात तो मुख्यतः मदतनिसाच्या भूमिकेत होता. 2009 साली तो अस्ताना संघात गेला, जेथे आल्बेर्तो काँतादोर, आर्मस्ट्राँग, लेवी लायफायमर आणि आन्द्रेआस क्लोडेन हे सगळे एकाच वेळी होते. अशा संघात पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या माणसाने चढावर नेत्यासाठी गती राखायची आणि मग बाजूला व्हायचे, हाच करार असतो. पुढे रेडिओशॅक संघातही त्याचे स्थान असेच होते. मात्र नेते पडले, आजारी पडले किंवा शर्यतीबाहेर गेले की तक्त्यात त्या संघाचे सर्वांत वरचे नाव पुष्कळदा झुबेल्दियाचे निघे.

त्या कालखंडाविषयी बोलताना उत्तेजकांचा विषय टाळता येत नाही. 2003 साली त्याच्या पुढे असलेल्या चौघांपैकी आर्मस्ट्राँगची सर्व टूर विजेतेपदे पुढे काढून घेण्यात आली, यान उलरिख आणि टायलर हॅमिल्टन यांनी नंतर कबुली दिली, आणि अलेक्झांडर विनोकुरोव 2007 सालच्या टूरमध्ये चाचणीत दोषी आढळला. झुबेल्दियावर उत्तेजकांसाठी कधीही बंदी आली नाही. एवढ्यावरून त्याला खरा विजेता ठरवण्याचा मोह काही चाहत्यांना होतो, पण मी तसे करणार नाही, कारण त्या वर्षांचे तक्ते कोणाच्याही बाजूने नव्याने लिहिता येण्याजोगे राहिलेले नाहीत. म्हणूनच मला त्याच्या नंतरच्या दोन निकालांचे महत्त्व अधिक वाटते.

2012 साली ब्रॅडली विगिन्सने टूर जिंकली. रेडिओशॅकचा फ्रँक श्लेक मध्येच चाचणीच्या निकालामुळे शर्यत सोडून गेला, आणि पस्तीस वर्षांचा झुबेल्दिया सहावा आला. त्याच्या मागे, सातव्या स्थानी, आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्स होता. जवळपास 88 तासांच्या दौडीनंतर दोघांत आठ सेकंदांचा फरक पडला. इतकी बारीक तफावत एखाद्या थोर चढाईतून आलेली नसते. ती कुठल्याशा टप्प्याच्या शेवटी जथ्यात दहा जागा पुढे असण्यातून किंवा वेळेविरुद्धच्या, एकेकट्याने धावायच्या शर्यतीत एखादे वळण नीट घेण्यातून साठत गेलेली असते.

2014 सालच्या आठव्या क्रमांकाविषयी असे म्हटले जाते की विजेतेपदाचे दावेदार ख्रिस फ्रूम आणि काँतादोर पडून बाहेर गेले, म्हणून त्याला जागा मिळाली. हे अर्धे खरे आहे. पण त्या टूरच्या पावसातून आणि उत्तर फ्रान्सच्या ओल्या फरसबंद रस्त्यांवरून तोही गेला होता. त्याच्या ट्रेक संघातील अँडी श्लेक पहिल्या तीन दिवसांतच पडून जायबंदी झाला आणि त्याचा भाऊ फ्रँक क्रमवारीत झुबेल्दियाच्या मागे राहिला. न पडणे यात नशिबाचा भाग असतोच. परंतु 2003 ते 2014 अशा अकरा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या संघांतून, वेगवेगळ्या मार्गांवर जो माणूस पुनःपुन्हा पहिल्या दहांत दिसतो, त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी नशिबाचा हवाला देणे मला पटत नाही. तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर 2012 च्या टूरचे टप्प्याटप्प्याचे निकाल उघडा आणि प्रत्येक टप्प्यात त्याने विजेत्यापेक्षा किती वेळ जास्त घेतला एवढाच एक स्तंभ वाचा.