गणित सोडलेली मुलगी आणि स्ट्रॉबेरीचे धागे

ताई, नमस्कार.

लेक बारावीला, नीटच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेली, आणि ऐन जानेवारीत ती म्हणते, ‘मला डॉक्टर व्हायचं नाही, जेनेटिक्समध्ये संशोधन करायचंय.’ बाबांनी अबोला धरलाय. आत्या म्हणतात, ‘बीएस्सी करून शेवटी शाळेतच शिकवणार ना!’ तुम्ही विचारलंय, या विषयात नेमकं असतं काय, स्कोप आहे का, आणि वर्षाला साडेतीन लाख फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठात ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ला घालावं का. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्यही टाकलंय: ‘अकरावीला गणित सोडून भूगोल घेतला, तेवढं एक बरं झालं.’ त्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी तुमची तक्रार. प्रिलिमच्या आदल्या रविवारी तिनं महाबळेश्वरहून आलेली स्ट्रॉबेरी मिक्सरला लावली, त्यात मीठ आणि भांड्यांचं लिक्विड घातलं, चहाच्या गाळणीनं गाळलं आणि वरून फ्रीजरमधलं गार स्पिरिट सोडलं. पांढरे धागे तरंगले, म्हणजे स्ट्रॉबेरीचा डीएनए, ते काडीवर गुंडाळून घरभर दाखवत फिरली. मग केळ्याचं तेच केलं, धागे कमी आले, आणि फिजिक्स बाजूला ठेवून दिवसभर ‘कमी का आले?’ हेच चाललं. तुम्ही हे वैतागून लिहिलंय. मला मात्र अख्ख्या पत्रात हाच भाग सगळ्यात आश्वासक वाटला. तिला सांगा, लागवडीच्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांचे, आठ संच असतात, आपल्या नेहमीच्या केळ्यात तीन आणि माणसात दोन. हे एक कारण असू शकतं.

आता विषय काय असतो ते. व्याख्या सांगत बसत नाही, एकच आजार घेऊ. सिकलसेल. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी भागात हा शब्द घरोघरी माहीत आहे. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, असतात, आणि ती कुठल्या क्रमानं लावायची याची कृती जनुकात, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यात, ए-टी-जी-सी या चार अक्षरांत लिहिलेली असते. त्या कृतीत ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ पडलं, म्हणजे फक्त एक अक्षर बदललं, की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अक्षरापासून वेदनेपर्यंतचा हा रस्ता शोधणं म्हणजे मॉलिक्युलर बायॉलॉजी. आई-बाबा दोघंही वाहक, म्हणजे चुकलेल्या जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हा हिशेब जेनेटिक्सचा. इतकं घातक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं कसं? तर एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. हे उत्तर शोधायला रुग्ण पाहून भागत नाही, अख्खा समाज मोजावा लागतो.

गंमत पुढे आहे. २०१२मध्ये क्रिस्पर ही जनुकं कापायची कात्री हाताशी आली. तिच्यासाठी शार्पेंतिए आणि डाउडना या दोघी शास्त्रज्ञांना २०२० सालचं नोबेल मिळालं, आणि २०२३च्या अखेरीस ब्रिटनमध्ये सिकलसेलवर त्या तंत्राच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. या उपचारात चुकलेलं अक्षर कुणी दुरुस्त करत नाही. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनत असतं, जन्मानंतर त्याला ब्रेक लागतो. हा ब्रेकच सैल करतात. असं वळण कुणाला सुचलं असेल, याचा विचार करताना मला अजूनही मजा वाटते. अमेरिकेत उपचाराची किंमत मात्र २२ लाख डॉलर. नंदुरबारच्या मुलीपर्यंत ते पोचायचं कसं, स्वस्तात तपासणी कशी करायची, लग्नाआधी कुटुंबाशी बोलायचं कुणी? या सगळ्यातही काम आहे, आणि त्यातलं जनुकीय समुपदेशन तर पोटापाण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे.

बाकी क्षेत्रं पुण्यातल्या पुण्यात फिरून बघता येतील. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, विषाणूंसाठी एनआयव्ही. आघारकर संस्थेत गहू-सोयाबीनचे वाण तयार होतात, राजगुरुनगरला कांदा-लसणाचं संशोधन चालतं. हिंजवडीतल्या एका कंपनीनं एमआरएनए लस बनवली. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी खोदलेल्या सांगाड्यातून डीएनए काढला गेला, त्यावरचा शोधनिबंध २०१९चा. एवढं शेजारी असताना लांबच्या शहरात हॉस्टेल कशाला, असं माझं आपलं पुणेरी मत.

आता गणित. मेंडेलबुवांच्या आधीही लोक वाटाण्यांचा संकर करत होते. पण दुसऱ्या पिढीत गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५० हे मोजत बसले मेंडेल. या मोजणीतून तीनास एक हे प्रमाण दिसलं आणि विषय जन्माला आला. १८६६ला निबंध छापला, तो १९००पर्यंत जवळपास कुणी मनावर घेतला नाही. आज तर माणसाच्या जनुकसंचातली सुमारे ३०० कोटी अक्षरं वाचून संगणकात पडलीत. प्रथिनं बनवणारी जनुकं त्यात साधारण २०,०००, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी मजकूर. बाकीचा काय करतो, कुठलं जनुक कधी चालू-बंद होतं, यावर डोकी खपताहेत. ते काम संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगशिवाय होत नाही. म्हणून ताई, नीटचे मार्क कमी पडले तर मला काळजी नाही, सुटलेल्या गणिताची आहे.

दार बंद झालेलं नाही. आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयएटी परीक्षा असते. बारावीला गणित नसलं तरी तिला बसता येतं, पण पेपरात चारही विषयांना समान प्रश्न असतात, तेव्हा गणिताचा चौथा हिस्सा कोरा सोडून चालणार नाही. तिथे गेल्यावरही पहिल्या वर्षी गणित पाठ सोडत नाही. विद्यापीठाच्या आयबीबी या बायोटेक संस्थेमध्ये बायोटेकची पाच वर्षांची एमएस्सी आहे, जागा मोजक्या. दोन्ही नाही जमलं तर चांगल्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी किंवा झूलॉजीत साधी बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशाला जॅम किंवा गॅट-बी परीक्षा. यात कमीपणा काही नाही. मीही त्याच वाटेनं गेले. बोर्डाची परीक्षा संपली की अकरावीचं गणिताचं पुस्तक उघडायचं, एवढी अट मात्र मी घालेन.

त्या साडेतीन लाखांबद्दल. माहितीपत्रक मिटवा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, ‘पिपेट (थेंबभर द्रव मोजून टाकायचं साधन) स्वतःच्या हातात आठवड्यातून किती तास असतं?’ आमच्या कॉलेजात डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआरचं मशीन होतं, भरतकामाच्या कापडाखाली. तीन वर्षांत दोनदा दर्शन झालं. पुढे लॅबमध्ये काम करताना माझ्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे जिथे काहीच दिसायला नको त्या खान्यात, सलग पाच आठवडे बँड, म्हणजे डीएनएची रेघ, यायचा. कारण निघालं पाण्याची बाटली. कुणीतरी पिपेटचं वापरलेलं टोक त्यात बुडवलं होतं. पाच आठवडे एका बाटलीपायी! हे सहन होणाऱ्यानंच या वाटेला जावं. मला झालं नाही, म्हणून मी आज पत्रांना उत्तरं देते.

पैशांचं सरळ सांगते. पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं, स्थिर नोकरी तिशीच्या आसपास. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे तेव्हा तुमच्याकडे मागावं लागणार नाही. पीएचडी नको असेल तर निदान-लॅब, लसकंपन्या, बायोइन्फॉर्मेटिक्स (जैविक माहितीचं संगणकावरचं काम) आहेत. सुरुवातीचा पगार आयटीतल्या चुलतभावाइतका नसेल, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

आणि स्ट्रॉबेरीचं राहिलं. आठ संच आणि तीन संच हे ऐकून ती खूश होईल, पण धागे त्यामुळेच कमी आले हे अजून सिद्ध झालेलं नाही. केळं कमी पिकलेलं असेल, घेतलंच कमी असेल. प्रिलिम झाल्यावर दोन्ही फळं वजन करून समान घ्यायला सांगा, तीन-तीनदा करायला सांगा आणि धागे वाळवून सोनाराकडच्या काट्यावर तोलून आणायला सांगा. आकडे आले की मला कळवा. मिक्सर तिनंच धुवायचा.